टायमिंग बेल्ट की टायमिंग चेन? आणि ‘बेल्ट नवीन टाकलाय’ म्हणजे नेमका कुठला?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना ‘हे नीट वाचायला पाहिजे’ असं वाटलं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ थोडे कमी केलेत.

आजचा विषय माझ्या घरातूनच आला. मागच्या उन्हाळ्यात मामांनी रिटायरमेंटच्या पैशांतून एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. गाडी अकरा वर्षांची, पण मीटरवर फक्त ५२ हजार किलोमीटर. एकच मालक, सीट कव्हरसुद्धा फाटलेलं नाही. विकणाऱ्यानं फाईल दाखवली. त्यात दोन महिन्यांपूर्वीचं गॅरेजचं बिल होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘बेल्ट नवीन’. मी सोबतच होतो. खरं सांगतो, मीच म्हटलं, “घ्या मामा, बेल्टचंही काम झालेलं आहे.”

तीन आठवड्यांनी मामा, मामी आणि मामेबहीण समृद्धी महामार्गानं शिर्डीला निघाले. वर्धा मागे पडलं. गाडी ताशी शंभरच्या आसपास. आणि पुढून एक ‘खट्ट’ असा आवाज आला, बस्स. इंजिन बंद. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले, स्टिअरिंग जड झालं. मामांनी कशीबशी गाडी डाव्या कडेला घेतली. परत चावी फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत होता, पण इंजिन काही उठेना.

टो करून गाडी नागपूरला आणली. आमच्या उस्तादांनी बॉनेट उघडलं, एक प्लॅस्टिकचं कव्हर काढलं आणि मामांकडे बघून म्हणाले, “काकाजी, बेल्ट नवीन टाकला हे खरंच आहे. पण तो फॅन बेल्ट आहे, बाहेरचा. आतला टायमिंग बेल्ट तर कंपनीतून आला तोच दिसून राहिला.”

मामा म्हणाले, “अहो पण गाडी चाललीच किती!”

“चालली नाही म्हणून काय झालं? रबर उभ्या गाडीतही म्हातारं होते ना बाप्पा!”

हेड उघडलं. आठच्या आठ व्हॉल्व्ह वाकलेले. बिल झालं ५८ हजार. वेळेत टायमिंग बेल्ट बदलला असता तर आठ-नऊ हजारांत काम झालं असतं. गाडीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. दोष होता ‘बेल्ट’ हा एक शब्द वाचून समाधान मानणाऱ्याचा, म्हणजे माझाच. तर तुमच्या घरी हे होऊ नये म्हणून आजचा एपिसोड.

हा बेल्ट करतो तरी काय?

गाडीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. त्यांच्या हालचालीतून खालचा एक दांडा गोल फिरतो, तो क्रँकशाफ्ट. वर, हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. काही व्हॉल्व्ह हवा आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. हे व्हॉल्व्ह उघडायचं काम करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. आता प्रश्न असा, की वरच्या कॅमला कसं कळणार की खाली पिस्टन कुठे आहे? तर या दोघांना दातेरी चाकांनी आणि बेल्टनं किंवा चेननं एकमेकांना बांधून ठेवलेलं असतं. यालाच टायमिंग म्हणायचं.

सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हे चार स्ट्रोक शाळेत शिकलो होतो, आठवतंय? या चार स्ट्रोकला क्रँकचे दोन फेरे लागतात. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायला हवा. म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा होतो. त्यासाठी कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. इतकं साधं गणित आहे.

पण वेग बघा. मीटरवर ३,००० आरपीएम दिसतंय, म्हणजे क्रँक एका सेकंदात ५० फेरे घेतोय आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून बंद होतोय. अजून एक हिशोब करू. सरासरी ताशी ४० चा वेग आणि सरासरी २,००० आरपीएम धरलं, तर एक लाख किलोमीटर चालायला गाडीला २,५०० तास लागतात. तेवढ्या वेळात क्रँकचे ३० कोटी फेरे होतात. आणि या ३० कोटी फेऱ्यांत एकदाही दाता चुकायला नको.

चुकला तर? आजीच्या गावाला एकाच उखळात दोघी जणी कांडण करताना कधी बघितलंय? एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. जागा एकच, पण दोघींचा ताल जमलेला असतो, म्हणून मुसळ मुसळावर आपटत नाही. इंजिनातही तसंच आहे. पिस्टन वर येतो त्या जागेत थोड्या वेळापूर्वी उघडा व्हॉल्व्ह खाली आलेला असतो. दोघं एकच जागा आळीपाळीनं वापरतात. टायमिंग सुटलं, की कॅम आहे तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाइड तुटतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो.

सगळ्याच इंजिनांत ही धडक होत नाही. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये पुरेशी जागा असायची. बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडायची. नवा बेल्ट टाका आणि निघा. पण डिझेलमध्ये हवा खूप जास्त दाबावी लागते, त्यामुळे पिस्टन अगदी वर हेडपर्यंत येतो. तिथे मोकळी जागा जवळपास नसतेच. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचीही तीच गोष्ट आहे.

मामांचा स्टार्टर हलका का फिरत होता, तेही आता कळेल. वाकलेले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, त्यामुळे हवा दाबलीच जात नाही. मग स्टार्टरला जोर कशाला लागणार?

आधी चेन होती, मग बेल्ट आला, मग चेन परत आली

लोकांना वाटतं बेल्ट जुना आणि चेन नवीन. खरं तर उलटं आहे. आपल्या अँबेसेडरमध्ये चेन होती. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीमध्येही चेन होती. त्या इंजिनांत कॅमशाफ्ट खालीच, क्रँकच्या जवळ असायचा. छोटीशी चेन पुरायची.

पुढे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला. अंतर वाढलं, चेन लांब झाली, वजन आणि आवाज वाढला. यावर १९६२ साली पश्चिम जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीनं आपल्या १००४ या गाडीत रबराचा दातेरी बेल्ट लावला. बाजारात विकल्या गेलेल्या कारमध्ये टायमिंग बेल्ट पहिल्यांदा तिथेच आला. पुढे १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूनं ती कंपनीच विकत घेतली. बेल्ट स्वस्त, हलका, शांत, आणि त्याला तेल लागत नाही. मग सगळ्यांनीच तो उचलला. आपल्याकडची मारुती ८०० बेल्टवाली. पहिली सँट्रो बेल्टवाली. २.५ लिटर डिझेलची जुनी इनोव्हा, १.५ लिटर डिझेलची डस्टर, याही बेल्टवाल्याच.

मग चेन परत कशी आली? कारण आपण लोक. बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलायचा असतो आणि गिऱ्हाईक ते विसरतं. कंपन्यांना असं काहीतरी हवं होतं जे इंजिनाच्या आयुष्यभर टिकेल. तोपर्यंत चेनही बारीक, हलकी आणि शांत झाली होती. २०१० मध्ये ऑल्टो के१० आली, तिच्या इंजिनात चेन आहे. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्येही चेन आली.

सगळ्यात छान उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. टाटांनी २००८ मध्ये इंडिका व्हिस्टा आणली. एकच गाडी, पण डिझेलची दोन इंजिनं. एक टाटांचं स्वतःचं १,४०५ सीसीचं, जे १९९८ च्या पहिल्या इंडिकापासून चालत आलं होतं. त्यात टायमिंग बेल्ट. दुसरं फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट, जे पुण्याजवळ रांजणगावला बनायचं आणि टाटा त्याला क्वाड्राजेट म्हणायचे. त्यात टायमिंग चेन. बॉडी तीच, बॅज तोच, पण आत एक गाडी बेल्टची आणि एक चेनची! म्हणून मी नेहमी सांगतो, गाडीचं नाव विचारून उत्तर मिळत नाही. इंजिन कुठलं ते विचारा.

बेल्ट कॅलेंडर बघतो

टायमिंग बेल्ट म्हणजे नुसतं रबर नाही. आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, त्या त्याला लांब होऊ देत नाहीत. वर रबर आणि दात्यांवर नायलॉनचं कापड. वस्तू मजबूतच आहे. पण रबराचे तीन शत्रू आहेत : उष्णता, तेल आणि वय.

उष्णतेचं आपल्याला नागपूरकरांना काय सांगायचं! २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. बाहेर एवढं तापलेलं असताना सीताबर्डीच्या जाममध्ये अडकलेल्या किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल, विचार करा. रबर तापून-निवून कडक होतं, मग त्याला बारीक तडे जातात. इंजिनाच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपलं आणि बेल्टवर आलं, तर रबर फुगतं आणि दाते सैल होतात.

आणि वय? ते मीटरवर दिसतच नाही. म्हणून कंपन्या बेल्टची मुदत दोन आकड्यांत देतात : इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. बहुतेक गाड्यांत हा आकडा साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटर किंवा ५ ते १० वर्षं यांच्यात असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघायचा, माझं ऐकून ठरवू नका. मामांच्या बेल्टचे किलोमीटर संपले नव्हते, वर्षं संपली होती. आम्ही ‘कमी चाललेली’ म्हणून खूश झालो, आणि तीच गोष्ट आम्हाला महागात पडली.

बेल्टचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे तो सांगत नाही. आवाज नाही, थरथर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. काल गाडी मस्त चालली म्हणजे आज चालेलच, असं बेल्टच्या बाबतीत म्हणता येत नाही.

चेन तेल बघते

आता तुम्ही म्हणाल, मग चेनवालीच घेऊ, टेन्शनच नाही. थांबा!

चेन लोखंडी असते, इंजिनाच्या आतच, तेलात फिरते. तिला मुदत नसते हे खरं. पण तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबावर चालतो आणि ज्या पट्ट्यांवरून ती घसरते त्या प्लॅस्टिकच्या असतात. म्हणजे सगळं तेलावर अवलंबून.

‘चेन ताणली’ असं गॅरेजमध्ये म्हणतात. लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. होतं असं, की प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते. समजा, चेनला १२० सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात फक्त ०.०२ मिलिमीटर झीज झाली. एकूण चेन २.४ मिलिमीटरनं लांब झाली! मग वरचा कॅम खालच्या क्रँकच्या थोडा मागे पडतो. पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेज कमी होतं. खूपच ढिली झाली तर चेन एखादा दाता सोडून उडी मारते, कधी तुटतेही. पुढची गोष्ट तीच : पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर.

ही झीज कोण वाढवतं? जुनं, काळं तेल. डिझेलच्या तेलात काजळी साचते आणि ती पिनांना बारीक पॉलिश पेपरसारखी घासते. “चेनची गाडी आहे, काही होत नाही” म्हणत लोक ऑइल बदलायचं पुढे ढकलतात. उस्तादांचं यावर एक वाक्य आहे, “बेल्टवाला माणूस एकदा विसरला की मरते. चेनवाला दरवर्षी थोडं थोडं विसरते.”

पण चेन एक उपकार करते. ती बोलते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पुढून ‘खर्रर्र’ असा आवाज दोन-चार सेकंद यायला लागला आणि रोज यायला लागला, तर ते चेनचं किंवा टेन्शनरचं बोलणं समजा. कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवर अ‍ॅप आहे, त्यांनी पी-००१६ हा कोड लक्षात ठेवा. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये, असा त्याचा अर्थ. कारण सेन्सरही असू शकतो, पण चेन तपासून घ्यायलाच हवी.

चेनचं काम निघालं तर ते बेल्टपेक्षा महाग पडतं, कारण ती इंजिनाच्या आत असते. बरंच उघडावं लागतं. चेन, टेन्शनर, पट्ट्या, सगळंच बदलावं लागतं.

एक तिसराही प्रकार आहे, तेलात फिरणारा बेल्ट. २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या १.० लिटर इकोबूस्ट पेट्रोलमध्ये तो आहे. तिथे दोन्ही नियम लागू होतात : मुदतही पाळायची आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं तेलही टाकायचं. चुकीच्या तेलानं बेल्टचं रबर खराब होतं.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा

आता मी गाडी बघायला गेलो की काय करतो ते सांगतो.

पहिलं, इंजिन कुठलं आणि त्यात बेल्ट आहे की चेन, ते घरूनच बघून जातो. मॅन्युअल ऑनलाइन मिळतं. समोर उभं राहूनही अंदाज येतो. इंजिनाच्या एका बाजूला स्क्रूनं बसवलेलं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर बहुतेक आत कोरडा बेल्ट. तिथे धातूचं, पक्कं सील केलेलं कव्हर असेल तर बहुतेक चेन.

दुसरं, बिलावर ‘बेल्ट’ एवढंच असेल तर ते मी वाचलंच नाही असं समजतो. बॉनेट उघडल्यावर जो बेल्ट सहज दिसतो तो फॅन बेल्ट किंवा अल्टरनेटर बेल्ट. तो स्वस्त असतो आणि तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो. त्याचा टायमिंगशी काही संबंध नाही. बिलावर ‘टायमिंग बेल्ट’, सोबत टेन्शनर, आयडलर, तारीख आणि किलोमीटर पाहिजेत. ज्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथे पंपही सोबत बदललेला बरा. पंप नंतर जाम झाला तर नवा बेल्टही तुटतो.

तिसरं, कागद नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालतो. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागतो आणि गाडी घरी आणायच्या आधी गॅरेजला नेतो. विकणारा म्हणेल, “अहो, एवढी सुंदर चालतेय!” चालेलच की. मामांचीही वर्ध्यापर्यंत सुंदरच चालली होती.

चौथं, चेनवाली असेल तर ऑइल बदलल्याची बिलं बघतो, आणि गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगतो. सकाळी पहिला स्टार्ट मी स्वतः ऐकतो. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल, तर मी दुसऱ्या दिवशी परत येतो.

आणि बेल्ट बदलला की बॉनेटखाली एक स्टिकर लावायचं : तारीख आणि किलोमीटर. पुढचा मालक तुम्हाला दुवा देईल.

आणि चालत्या गाडीत बंद पडलंच तर

हे नीट लक्षात ठेवा, कारण समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि मागून येणाराही त्याच वेगात असतो. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकला एक-दोन वेळाच नेहमीसारखी मदत मिळते, म्हणून पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच नीट दाबून धरा. चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि ११२ ला फोन करा. परत परत सेल्फ मारू नका, धक्का मारून तर अजिबात नाही. जे दोन व्हॉल्व्ह वाचले असतील, तेही जातील.

मामी अजून म्हणते, बाबांनीच वाचवलं. मी काही बोलत नाही. मागे तेव्हा ट्रक नव्हता, एवढं मला माहीत आहे.

तर बेल्ट चांगला की चेन? दोन्ही चांगले. तुम्ही तारीख पाळणारे असाल तर बेल्ट वर्षानुवर्षं त्रास देणार नाही. तुम्ही ऑइल वेळेवर बदलणारे असाल तर चेन देणार नाही. दोन्ही न करणाऱ्याला कुठलीच गाडी पुरत नाही.

आज एकच काम करा. घरातल्या गाडीचं मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समधून काढा, नसेल तर मोबाइलवर शोधा, आणि बेल्ट आहे की चेन ते बघा. बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला, हे बाबांना विचारा. “बदललाय ना मागे कधीतरी” असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न तुम्हाला आता माहीत आहे : कुठला बेल्ट?

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी जपून चालवा!